गप बस, बिया बोलतायत

१२ तारीख, मंगळवार
दुकानातून

ती. मामा,

नमस्कार. चांगला वाकून केलाय, दिसला नाही म्हणून बोंब मारू नकोस. मावशी बरी ना? आणि तुझे गुडघे? गुडघ्यांचं खाली बोलू.

इकडे मजेत. आई गल्ला बघते, मी कॉफी भाजते. फळ्यावर तू आपलं 'कडक', 'मध्यम', 'हलकी' लिहायचास. आता फळा माझा. काल लिहिलं, 'मामाचा राग: चटकन चढतो, शेवटी गोड'. समोरच्या शिंपीकाकांनी चष्मा वर करून वाचलं. म्हणाले, "दे एक राग. साखर नको." दुपारपर्यंत राग संपला!

आज लिहिलंय, 'कोऱ्या वहीचं पहिलं पान'. टपालवाल्या बाई कप नाकाशी धरून उभ्याच. "अगं, शाळेतला पहिला दिवस आठवला. केवढी रडले होते मी!" आणि हसत सुटल्या. बघ, शाळेत मला कधी एक वाक्य धड जमलं नाही, आणि इथे चार शब्दांत बाई हसल्या.

पण परवा शिंपीकाका अर्धा कप ठेवून उठले. "पोरी, फळा झकास. कॉफी मात्र तोंडदेखली हसतेय."

लागलं. कारण खरंय. माझ्या बिया एक दिवस करपतात, एक दिवस कच्च्या राहतात. आई म्हणते, भट्टी विकू आणि तयार पूड आणू. रविवारी एक जण भट्टी बघायला येतोय.

आता गुडघे. तुझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही.

तापातून उठलास, त्याच आठवड्यात मी पावाच्या करपलेल्या कडा कुटून, उकळून तुझ्या कपात दिल्या होत्या. तू शिव्या घालणार, मी पळणार, असा बेत होता. तू अख्खा कप प्यायलास. वर म्हणालास, "आज छान जमलीय."

माझं हसू तोंडातच राहिलं. मग तू गुडघ्यांचं निमित्त काढून मावशीकडे गेलास. मी कुणाला बोलले नाही. आईलाही नाही.

काल भाजताना माझी नेहमीची बडबड चालू होती. एकदम तुझं ओरडणं आठवलं, "गप बस, बिया बोलतायत!" म्हणून गप्प बसले. मामा, खरंच बोलतात की! आधी बोटं मोडल्यासारखं कडकड. मग जरा शांत. मग वाळक्या पानांवरून मांजर गेल्यासारखं. तू त्या शांततेतच बिया उतरवायचास ना? म्हणजे इतकी वर्षं तू कानानं भाजत होतास, आणि नाक गेलं म्हणून घर सोडलंस!

पण त्या शांततेत नेमकं कधी उतरवायचं ते मला कळत नाही. तुझे कान शाबूत आहेत. मावशी घोरते म्हणून रोज फोनवर रडतोस. तू ऐक. वास मी सांगेन. 'बरा आहे' असलं नाही, नीट सांगेन, तुला येईपर्यंत.

आजचाच सांगते. बिया उतरवल्या तेव्हा खुंटीवरच्या तुझ्या सदऱ्यासारखा वास आला. फळ्यावर लिहिणार होते, खडू हातात घेतलाही. नाही लिहिलं. तो विकायचा नाही.

रविवारच्या आत ये. तुझा कप घासून ठेवलाय. पावाच्या कडा नाहीत, शप्पथ.

तुझी भाची,
सध्या तुझं नाक