धाकट्याचा पसारा

३ मार्च
पंधराचा पाना पुन्हा गायब! सापडला कुठे, तर ट्यूबच्या टोपलीत. धाकट्याला विचारलं, त्याने खांदे उडवले. बाबांनंतर हे सायकल दुरुस्तीचं दुकान आम्हा दोघा भावंडांचं. त्याच्या हाताला तोड नाही — वाकडं चाक असं सरळ करतो की बघत राहावं. पण कारभार? गबाळा. अजागळ. आज तोंडावर म्हटलं. नुसता हसला.

४ मार्च
लवकर जाऊन दुकान नव्याने लावलं. पाने आता खिडकीपाशी, आकाराप्रमाणे. गेल्या महिन्यात दाराशी ठेवले होते, पण तिथे अडचण होते. नट-बोल्ट नव्या डब्यांत, खालच्या फळीवर. कसं मोकळं वाटतंय!

७ मार्च
मोकळं कसलं! पाने खिडकीत, दाराशी, माझ्या खुर्चीवर. नुसता सावळागोंधळ. आई म्हणे, "अगं, तू सारखी जागा हलवतेस. त्याने बघायचं तरी कुठे?" आईचा तो पहिल्यापासून लाडका. मी हलवत नाही. सुधारते.

११ मार्च
खिडकीत ऊन येतं. पाने तापतात. सगळं परत आत घेतलं.

१२ मार्च
आज हद्द झाली. शाळेतल्या बाई ब्रेक दुरुस्त करून घ्यायला आल्या. धाकट्याने सवयीने जुन्या डब्यात हात घातला, भलताच नट लागला, घाईत तोच बसवला. उतारावर ब्रेक सुटला. बाई भिंतीला घासून थांबल्या म्हणून वाचल्या. गुडघा फुटलाय.

गिऱ्हाइकांसमोर त्याला नाही नाही ते बोलले. भोंगळ, वेंधळा, ढिसाळ, बेपर्वा — शब्द संपले तेव्हा गप्प झाले. त्याने हात पुसले. "ताई, मला नाही जमायचं इथे." गेला.

१३ मार्च
आला नाही. बरं झालं. पाने जागेवर आहेत.

२० मार्च
चाक माझ्याच्याने सरळ होत नाही. गिऱ्हाइकं परत जाताहेत. असंच चाललं तर बाबांच्या दुकानाला कुलूप लागेल. फोन करावा का? आधी त्याने करावा.

२ एप्रिल
पुलापलीकडे धाकट्याने स्वतःचं दुकान टाकलंय. त्याला परत आणायला गेले होते.

भिंतीवर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला, त्यावर ते ते हत्यार. जमिनीवर एक नट नाही. मी पंधराचा पाना काढून बघत होते. त्याने तो माझ्या हातातून घेतला आणि मागे वळूनही न बघता जागेवर अडकवला.

"चहा घेऊन जा ताई," म्हणाला. "फक्त इथलं काही हलवू नकोस."