आडवी बाटली

मंगळवार, संध्याकाळ. जे. पी. नगर

आज समीरचा वाइन फ्रिज बंद करायला घेतला. त्याला जाऊन वर्ष होत आलं, मी तर पीतही नाही. मग चालू ठेवायचा कुणासाठी? पाहुण्यांना दिसू नये म्हणून सासूबाईंनी पहिल्या दिवसापासून त्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा टाकलेला. तो काढला, उरलेली एकच बाटली ओट्यावर उभी ठेवली.

मागून सासूबाई त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "स्वल्प थांब गं. उभी नको, आडवी ठेव. बूच सुकतं, सांगायचा ना तो."

कधी ऐकलं त्यांनी? तो वाइनचं बोलायला लागला की त्या उठून जायच्या. स्वयंपाकघरातून ऐकत होत्या?

बाटली आत आडवी ठेवली. फ्रिज चालूच आहे. लुगड्याचा तुकडा मात्र सासूबाईंनी घडी करून कपाटात ठेवून दिला.