जिनिंगच्या फाटकावरचा मारोती

शनिवार, १५ एप्रिल २००६
जुन्या जिनिंग फॅक्टरीच्या फाटकावरच्या मारोतीची शेंदराची खोळ आज सकाळी गळून पडली. परवाच्या जयंतीला भक्तांनी डबेच्या डबे तेल ओतलं. इतक्या वर्षांचा शेंदूर किती सोसणार? आत मारोती नाहीच — संगमरवरी पाटी. इंग्रजी. 'या गावातून तेवीस माणसं १९१४ ते १९च्या महायुद्धाला गेली. त्यांपैकी नऊ कामी आली.' नाव एकाचंही नाही. आकड्यावर भागवायची सरकारी सवय जुनी आहे तर.
शेजारी रुईच्या माळा विकणारी मैनाबाई म्हणाली, "भाऊ, मोठ्यानं नका वाचू. लोक आयकून राह्यले."
मी आणखी मोठ्यानं वाचलं.

रविवार, १६ एप्रिल
लेख झाला — 'गोऱ्या साहेबाचा मारोती'. गावानं पाटीला नवस केले, पाटीनं मुलं दिली, एकाला तर तलाठी केलं. रजनी वाचून म्हणाली, "छान आहे. छापू नका." बायकोला साहित्यातलं अर्धंच कळतं.

मंगळवार, २५ एप्रिल
लेख परवाच्या रविवार पुरवणीत आला. यवतमाळहून इतिहासाचे प्राध्यापक येऊन फोटो काढून गेले. फोटोत पाटी थोडी, प्राध्यापक फार.

शनिवार, २९ एप्रिल
एकही माळ खपली नाही. मैनाबाईनं सगळ्या माळा परत टोपलीत भरल्या. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं.

बुधवार, ३ मे
कापसाची दैना पाहायला समिती येणार. दैना पाहायला गाड्या लागतात, म्हणून रस्ता रुंद होणार. कापसाच्या बैलगाड्यांना तो कधी अरुंद नव्हता! आखणी आजवर मारोतीला वळसा घालत होती. आता सरळ फाटकातून. इंजिनिअरनं चहा पाजला. "तुमच्या लेखानं काम सोपं झालं, सर. देवाले हात लावला असता तं दंगा झाला असता. दगडाचं काय?" फाइलीत माझं कात्रण. सरकारनं माझ्या लेखाची दखल घेतली ती ही पहिलीच. सोमवारी फाटक पाडतात.
म्हटलं, "अहो, युद्धाचं स्मारक आहे ते."
"असन. पण त्याले भक्त नाहीत ना."

गुरुवार, ४ मे
मैनाबाईची माफी मागायला गेलो. माळ ओवता ओवता म्हणाली, "मले ठाऊक होतं, भाऊ. त्या नऊ जणातला बळीराम माह्या सासूचा बाप. मढं आलं नाही, पाटी आली. मंग स्वराज्य आलं तं पोट्टे साहेबाचे दगड फोडत सुटले. सासूच्या मायनं पाटीले शेंदूर फासला. देवाले कोण फोडते?"
"मला आधी का नाही सांगितलंत?"
"कायले सांगू? तुम्ही लिवलं असतं."

रविवार, ७ मे
आजच्या पुरवणीत माझी चौकट: 'मागील लेख निव्वळ विनोद होता. वाचकांनी तो खरा मानला, याबद्दल दिलगीर आहे. फाटकावर मारोतीच आहे.'
काल रजनी आणि मैनाबाईनं मिळून नवा शेंदूर लावला. पाटीच्या वरच्या ओळीपर्यंत त्यांचा हात पोचेना. ती मी बुजवली.