टाकलीचा फाटा की टाकळीचा फाटा?

रविवार, संध्याकाळ

अजून डोकं तापलंय. फाट्यावरच्या नव्या फलकासाठी वस्तीचा इतिहास मी लिहून दिला. घरातली पहिली पदवीधर म्हणून कौतुकाने मलाच लिहायला सांगितलं होतं. आज चुलते, म्हणजे सरपंच तात्या, म्हणाले, एकच अक्षर बदल. ‘टाकलीचा फाटा’ नको, ‘टाकळीचा फाटा’ कर.

“टाकळी नावाची गावं रग्गड हायती. कोण इचारतंय?”

पण आपली वस्ती टाकळी नाहीच! नवऱ्याने टाकलेली एक बाई इथे, दोन रस्ते मिळतात तिथे, खोपट घालून राहिली. गाडीवानांना भाकरी-पिठलं देऊ लागली. गाड्या थांबू लागल्या म्हणून लोहार आला, मग न्हावी, मग आमचे पणजोबा. तिचं खरं नाव कुणी लक्षात ठेवलं नाही. ‘टाकली’ तेवढं उरलं, आणि आता त्या ल चाही ळ करायचा?

“पावणं वाचून हसतील की गं,” तात्या म्हणाले.

“हसू देत. तिच्या भाकरीवर आपली वस्ती उभी हाय, तात्या.”

तेवढ्यात आई, “तुझं लगीन व्हायचंय अजून. टाकलीच्या फाट्यावरची पोरगी कोण करून घेणार?”

हे लागलं. म्हणजे एवढी भीती एका ल ची? जो या अक्षराला भिईल तो मला नकोच, असं आईला तोंडावर सांगितलं.

उद्या पेंटर येतोय. शिडी मीच धरणार. घट्ट धरायची की हलवायची, ते तो कोणतं अक्षर काढतो त्यावर.