मराठीत सांग, बेटा

१४ जुलै
आजपासून रोजनिशी. एम.ए. मानसशास्त्राचा बाहेरून फॉर्म भरलाय. पेपर पहिला: सामाजिक मानसशास्त्र. अभिवृत्तीचे (ॲटिट्यूडचे) भाग तीन: विचार, भावना, वर्तन. ती बहुतेक आजूबाजूच्या लोकांमुळे घडते. म्हणजे सामान्य माणसांची. मी स्वतंत्र विचारांचा आहे.
भामरागडचा रस्ता पाण्याखाली. आश्रमशाळेत आम्ही सहा जण स्टाफ आणि मुलं. अभ्यासाला उत्तम.

१७ जुलै, दुपार
नव्या संघप्रिया मॅडम चंद्रपूरच्या. पहिलीतल्या मुलींकडून त्यांची माडिया भाषा शिकतात. मराठी न कळणारी मुलं सहा महिने नुसती भिंतीकडे बघत बसतात, असं त्यांचं म्हणणं. बरोबर आहे. मीही बघायचो.
हेडमास्तर श्रीहरी सर जेवताना मॅडमची नक्कल करतात. सगळे हसतात. मीही हसलो, पण आतून नाही.

१९ जुलै
मॅडमनी विचारलं, "सर, तुमची तर मायबोली आहे माडिया. मला थोडी शिकवाल?"
इथे मी एल. डी. सर. लच्छू कुणी म्हणत नाही, हे दहा वर्षं जपलंय. म्हटलं, लहानपणीच विसरलो. दारात श्रीहरी सर होते, पण त्याचा संबंध नाही. रविवारी गुपचूप शिकवायचं ठरवलं.

२२ जुलै
रविवारी डोकं दुखत होतं.

२८ जुलै, सकाळी ७
आज स्टाफ मीटिंग. ठराव: वर्गात आणि मेसमध्ये फक्त मराठी. मी विरोध करणार. सात मुद्दे काढलेत. आरशासमोर बोलून पाहिलं. आवाज चांगला लागतो.

२८ जुलै, संध्याकाळी ५
श्रीहरी सर म्हणाले, "कोणाले काही म्हणायचं हाये काय? एल. डी. सर, तुमी?" मी पाणी प्यालो.
ठरावाच्या बाजूनं पाच हात वर. मॅडमचा खाली. पाचांत माझा. वर्तनाचा भाग हुकला. उरलेले दोन शाबूत आहेत.

३१ जुलै
नीट विचार केला. ठराव तसा वाईट नाही. माडिया बोललो की मला बाकावर उभं करायचे. काय बिघडलं माझं? मॅडम जरा हट्टीच आहेत.
पुस्तकात लिहिलंय, माणूस आधी वागतो आणि मग त्याला साजेसं मत तयार करतो. कमकुवत लोकांबद्दल असावं.

६ ऑगस्ट
मॅडमसोबत आता कुणी जेवत नाही. उद्या मी त्यांच्याजवळ बसणार. पक्कं.

७ ऑगस्ट
जागा होती. भूक नव्हती.

१२ ऑगस्ट
सकाळी व्हरांड्यात पहिलीतली सोमारी माझा शर्ट ओढून माडियात काहीतरी बोलली. काहीतरी नाही. सर, पोटात लई दुखते, रात्रीपासून, असं बोलली.
शेजारी श्रीहरी सर उभे. म्हटलं, "मराठीत सांग, बेटा."
ती बघत राहिली. मग वर्गात गेली.
दुपारी वर्गातच कोसळली. मॅडमनी मुलींना मोडक्यातोडक्या माडियात विचारलं, तिला उचललं, नावेतून पलीकडे दवाखान्यात नेलं. अपेंडिक्स फुटलं होतं. डॉक्टर म्हणाले, सकाळीच आणायला हवी होती.
श्रीहरी सर म्हणाले, "पोट्टी बोललीच नाई, तं आपल्याले कसं समजन?" सगळ्यांनी मान हलवली. सगळ्यांत मी आलोच.

१३ ऑगस्ट
उद्या खरं काय ते सरांना सांगणार. लेखी.

१९ ऑगस्ट
सध्या वातावरण बरोबर नाही.

२ सप्टेंबर
सोमारी वाचली. तिचे वडील तिची पेटी न्यायला आले. पोरीला परत पाठवणार नाहीत.
ऑफिसात ते थेट माझ्याशीच माडियात बोलू लागले. चेहऱ्यावरून ओळखलं असावं. सगळा स्टाफ बघत होता. मी म्हटलं, "काय म्हणता, भाऊ?"
ते ओशाळले. अडखळत म्हणाले, "माफ करा साहेब, मले तुमची भाषा बराबर येत नाई."
मग संघप्रिया मॅडम मध्ये उभ्या राहिल्या आणि त्यांचं बोलणं मला मराठीत सांगू लागल्या. मी नीट ऐकून घेतलं. पोरीनं सकाळीच एका सरांना सांगितलं होतं म्हणे. सरांना समजलं होतं, असं ती म्हणते. ते सर कोण?
म्हटलं, चौकशी करतो.
मॅडमनी माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि तेही त्यांना माडियात सांगितलं. सोमारीच्या वडिलांनी मला हात जोडले.