दोन मंगळ्या आणि एक एक्सेप्शन

३ नोव्हें., सोम.
ऑफिसात कोड तपासताना परेशभाईंनी माझी अकराच्या अकरा कस्टम एक्सेप्शन्स, म्हणजे ॲपमधल्या चुकांना मी दिलेली वेगवेगळी नावं, उडवली. "बेन, चुकीला वेगळं नाव कधी द्यायचं? पकडल्यावर वेगळं काही करणार असशील तर. तू तर सगळ्यांना एकच मेसेज दाखवते." राग आला. पण खरंय. मेसेज आधीपासून एकच होता, आता एक्सेप्शनही एकच: माहिती चुकीची आहे, तपासा.

५ नोव्हें., बुध.
तलासरीहून आरोग्यसेविका जयूताईंचा फोन. आमचं सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं ॲप त्या पाड्यांवर वापरतात. मंगला धोडी नावाच्या मुलीला आजार निघालाय, पण पाड्यावर मंगला कोणी नाहीच.
ताई म्हणाल्या, "मंगळी होती गं. दोघी होत्या. ॲप दुसरीची नोंद घेईना, माहिती चुकीची म्हणे. मग मीच नाव बदललं, मंगला केलं."
दोघींच्या बापांचं नावही सोम्याच. दोघींची शाळेतली जन्मतारीख १ जून, सगळ्यांची असते तशी. मंगला केली ती यातली कोणती, ताईंना आठवत नाही. दिवाळी झाली अन् दोन्ही घरं वीटभट्टीवर गेली, एक उंबरगावकडे, एक भिवंडीकडे.
चिखल्याला आमच्या वाडीत तीन बुध्या कामाला यायच्या. बुधवारी जन्मली की बुधी. आई त्यांना उंच, धाकटी, बोलकी अशी हाक मारायची. हे सगळं बघत वाढले, तरी नाव-बाप-पाडा-तारीख जुळली की तीच मुलगी, असं कोडमध्ये मीच लिहून ठेवलं. फार लाज वाटली.

६ नोव्हें., गुरु.
परेशभाईंशी भांडले.
"परत नवीन एक्सेप्शन?"
म्हटलं, तुमचाच नियम. तारीख चुकली तर ताई सुधारतात. इथे सुधारायला काही नाहीच. आईचं नाव विचारायचं अन् दोघींनाही ठेवायचं. झालं ना वेगळं?
परेशभाईंनी खुर्ची माझ्या स्क्रीनकडे ओढली. मग, "एकच हं. अकरा नाय."
नाव दिलं, 'सारख्यानावाची'. संध्याकाळी ताईंच्या फोनवर चढवलं.

१० नोव्हें., सोम.
ताईंबरोबर पाड्यावर. तिसऱ्याच घरात बुधी, १ जून. स्क्रीनवर आलं: याच नावाची आणखी एक आहे, हिच्या आईचं नाव लिहा. ताई म्हणाल्या, "बरं झालं, आता खोटं लिवायला नको."
उंबरगावची मंगळी सापडली. परत तपासली, तिला काही नाही. म्हणजे आजार भिवंडीच्या मंगळीलाच. तिथल्या भट्टीचा मुकादम फोन उचलत नाही.
उद्या सकाळी भिवंडीला निघतोय, मी अन् ताई. भट्ट्या शंभर असोत. तिथेही मंगळ्या पुष्कळ असणार, म्हणून शेजारणीकडून तिच्या आईचं नाव लिहून घेतलंय. लखमी.