न्यामवासे आजींच्या गोळ्या

८ सप्टेंबर
पोचलो एकदाचा चिवांगाला. म्झुझू शहरातून येताना बस दोनदा बंद पडली, पण उतारावरून सरोवर दिसलं आणि सगळा शीण गेला. शाळेने दिलेली खोली लहान पण स्वच्छ. मुख्याध्यापकांच्या बायकोने, एस्नातबाईंनी, न्सिमा, म्हणजे कसाव्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि तळलेले उसिपा मासे स्वतः आणून दिले. वर बजावलं, "मास्तर, सगळं संपवा. इतका काटकुळा माणूस फळ्यापुढे उभा राहिला तर पोरं खडू समजून उचलतील!" हसताना मला ठसका लागला. हे गाव मानवणार.

१४ सप्टेंबर
गोळ्या बाटलीतून काढून रुमालात बांधल्या. आपल्याकडे सगळेच असं करतात; बाटली खुळखुळली की शेजाऱ्याला कळतं. संध्याकाळच्या चहाबरोबर रोज एक पांढरी गोळी. रक्तातला एचआयव्ही आणि यकृतातला हिपॅटायटिस बी, दोघांनाही तीच आवरते. म्झुझूच्या डॉक्टरबाईंनी निघताना दम भरला होता, की गोळी सुटली तर यकृताचं दुखणं उसळेल, आणि त्यातून माणूस वाचेलच असं नाही. मी कशाला सोडतोय? पण इथल्या दवाखान्याच्या रांगेत माझ्याच वर्गातल्या मुलांच्या आया बसतात. त्यांच्यासमोर कसा बसू?

२७ सप्टेंबर
प्रश्न सुटला! दवाखान्याच्या कुंपणाशी घुटमळत होतो, तेवढ्यात एका म्हातारीने हाक मारली. न्यामवासे आजी. म्हणाल्या, "लाजतोस होय रे? मीही लाजायचे." दवाखान्याची रीतच आहे, प्रत्येक रुग्णाने एक सोबती सांगायचा; औषध न्यायला तो आला तरी चालतं. म्हणाल्या, "मला सोबती कुणी मिळालं नाही बाळा. तुझी सोबती मी होते." माझं कार्ड घेऊन गेल्या आणि दुपारी गोळ्या घरपोच, त्याही कापडात नीट गाठ मारून. देवमाणूस!

१९ ऑक्टोबर
या खेपेच्या गोळ्या जिभेवर खडूसारख्या लागतात. कारखाना बदलला असेल. मुलांनी वर्गात नाटुकलं केलं, फार छान झालं.

२ नोव्हेंबर
आजी पुढच्या गोळ्या देऊन गेल्या. चहा विचारला तर नको म्हणाल्या. आताशा काही खात नाही म्हणे. माझीही भूक मेली आहे. उसिपाचा वास आला तरी उमळून येतं. एस्नातबाई म्हणाल्या, "मास्तर, दिवस गेले की काय तुम्हाला?" मी हसलो. हसायलाही दम लागतो.

२० नोव्हेंबर
लघवी काळ्या चहासारखी. गोळी एकदाही चुकलेली नाही. मग हे काय?

२५ नोव्हेंबर
सकाळी आरशात पाहिलं. डोळे पिवळे. एस्नातबाईंना सगळं सांगून टाकलं, दोन्ही आजार, गोळ्या, न्यामवासे आजी. आजारांचं ऐकून त्यांनी मला बसायला स्टूल सरकवलं. पण आजींचं नाव ऐकून हातातली परात खाली ठेवली. म्हणाल्या, "मास्तर, थट्टा करायला दुसरं कुणी नाही मिळालं का? तिला गेल्या पावसाळ्यात आम्ही पुरलं."
मग त्यांनीच सांगितलं, आजींनाही हेच दोन आजार होते. एका प्रवचनकाराने सांगितलं, तू बरी झालीस, आणि त्यांनी गोळ्या सरोवरात फेकल्या. पुढे डोळे हळदीसारखे झाले. घरात थांबवणारं कुणी नव्हतं.

२५ नोव्हेंबर, दुपार
एस्नातबाईंबरोबर कबरीवर गेलो. पांढऱ्या सिमेंटची कबर. तिची कड नखांनी कोरल्यासारखी. खळगे लहान, लांबट. रुमालातली गोळी काढून एका खळग्यात ठेवली—
चपखल बसली.

२६ नोव्हेंबर
एस्नातबाई धरून दवाखान्यात घेऊन गेल्या. रांगेतल्या आयांनी उठून जागा दिली. कुणी कुजबुजलंही नाही. याच बायकांना मी भीत होतो. नर्स म्हणाली, "मास्तर, तुमच्या नावावर इथे कुणी कधी आलंच नाही." म्हणजे इतके दिवस मी नुसतं सिमेंट— तिने खरी बाटली दिली, पहिली गोळी समोर घ्यायला लावली. उद्या दवाखान्याची गाडी मोठ्या इस्पितळात नेणार. सोबती लागतो. एस्नातबाई म्हणाल्या, मी येते.

२७ नोव्हेंबर
गाडी आली. पोट फुगलंय. अक्षर नीट येत नाही— एस्नातबाई घराला कुलूप लावायला गेल्या. ड्रायव्हर थांबेना. म्हणाला, एका रुग्णामागे एकच सोबती, आणि तुमची तर केव्हाची बसलीय पुढे.
पुढे—

तीच. तिने वळून पाहिलं. माझ्या खऱ्या औषधाची पिशवी तिच्या मांडीवर. ड्रायव्हरला सांगतोय, थांब, ही नको— तो हसतो. म्हणतो, आजारी माणूस घरच्यांवरच चिडतो. आजी रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "मी कधी चुकवली का रे तुझी गोळी?"

इस्पितळ लांब आहे. एस्नातबाई धावत येताना दिसल्या, मग धूळ—

आजच्या गोळीची वेळ झाली, आजी म्हणतात. त्यांचा हात गार. गोळी पांढरी. खरी असेल तर जगेन, पण ही पिशवीतली की त्यांच्या कबरीच्या—

तोंड उघड म्हणतात बाळा तों—